घरचा हात

बसायचं कुठे, इथूनच अडलं. थोरल्याने ऑफिसात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, पंखा लावला होता, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. भाची मात्र आत यायलाच तयार नाही. "मोठ्या मामा, आधी मशीन दाखव," म्हणाली आणि खांद्यावरची पिशवी सावरत सरळ प्रेसच्या रांगेकडे निघाली. मग काय, सगळे तिच्यामागे. सुट्टीचा दिवस, कारखाना बंद, दिवे अर्धेच लावलेले, आणि बिजागऱ्यांच्या पोत्यांमधून वाट काढत अख्खं कुटुंब त्या मशीनपाशी जाऊन उभं राहिलं. कुणी कुणाकडे बघेना.

ह्याच प्रेसने मागच्या महिन्यात धाकट्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं घेतली. अंगठा आणि करंगळी तेवढी ठेवली. आता धाकटा सगळ्यांच्या मागे, पत्र्याच्या पट्ट्यांच्या ढिगाला टेकून, हातावर रुमाल टाकून उभा होता. एखादी वस्तू चोरून आणल्यासारखा. ज्या माणसाने अर्धं आयुष्य ह्या मशीनसमोरच्या स्टुलावर काढलं, त्याला त्या स्टुलाकडे बघायची लाज वाटत होती. आता त्याने काय केलं होतं हो लाजण्यासारखं? पण लाजेला एवढी अक्कल असती तर आणखी काय हवं होतं.

भाची म्हणजे ह्या दोघांच्या बहिणीची मुलगी. कामगारांचे खटले चालवते. लहानपणी ह्याच पोत्यांवरून उड्या मारत फिरायची म्हणून तिचं नाव टोळ पडलं होतं, आणि तिच्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या तोंडून ते अजून गेलेलं नाही. टोळने वाकून मशीनची जाळी हलवून बघितली. वरून पत्र्यावर आदळणारा पंच आणि कारागिराचा हात, ह्यांच्या मधे बसवायची लोखंडी जाळी ती. खाली पट्टी सरकवण्यापुरती फट, बाकी बंद.

"बोल्ट नवे आहेत," ती म्हणाली.

"मोठ्या मामा?"

"अपघातानंतर बसवली," थोरला म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. मीच बसवली."

"आणि त्या दिवशी कुठे होती?"

थोरल्याने भिंतीकडे बोट केलं आणि लगेच मुठीत घेतलं. धाकट्यासमोर बोट दाखवायचीसुद्धा चोरी झाली होती. भिंतीवर ओळीने खिळे होते. प्रत्येक खिळ्याखाली जाळीच्या आकाराचा तेलकट डाग, वर्षानुवर्षं तिथे काहीतरी लटकत असल्याशिवाय पडायचा नाही असा. टोळने ते डाग बघितले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. थोरल्याला वाटलं, हिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

टोळला बोलावलं होतं धाकट्याच्या बायकोने. नवऱ्याला न विचारता. त्यावरून गेला आठवडाभर घरात काय काय चाललं होतं ते बघायला नको. थोरली जाऊ रोज दोन वेळचा डबा पाठवायची, आणि धाकटी तो घासून-पुसून परत पाठवायची. एक शब्द नाही, एक निरोप नाही. बोलणं बंद आणि डबे चालू.

धाकटीने तरी आधी कुठे मनात आणलं होतं! दवाखान्यात थोरले भाऊजी बिल भरून आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काही कमी पडू देणार नाही, घरचं घरात बघू." तिचे डोळे भरून आले होते तेव्हा. पाया पडायचीच बाकी राहिली होती. मग एक दिवस बँकेत डाव्या हाताची सही जुळली नाही. काउंटरवरच्या पोराने शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि भरल्या रांगेत मोठ्याने विचारलं, "काका, कुठला अंगठा आहे?" नवरा घरी आला तो मोरीत शिरला आणि नळ सोडून बसला. बाहेर येईना. त्या नळाचा आवाज ऐकत तिने टोळला फोन लावला होता.

आता मात्र सगळे मशीनपासून ऑफिसात आले आणि दाराशी, सगळ्यांत कडेच्या खुर्चीवर बसताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर सासरे. त्यांच्यासमोर आजवर तिने कधी आवाज चढवला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, छोट्या मालकीणबाई म्हणवून घेताना तिलाही गोड लागायचंच की! माहेरी तिने हेच सांगून ठेवलं होतं, आमचा स्वतःचा कारखाना आहे म्हणून. आता कुठल्या तोंडाने मागायचं?

"मी भांडायला आलेली नाही," टोळ म्हणाली. तिने टेबलावर हात ठेवले. "परवा सरकारी तपासणीचे साहेब येणार आहेत. ते जे विचारतील तेच मी आज विचारते. परवा ऐन वेळी कुणाची त-त-प-प व्हायला नको."

"टोळ, अगं, घरातल्या घरात मिटत असताना..." अण्णा म्हणाले.

"अण्णा, घरातल्या घरात मिटवलं तर छोट्या मामाच्या हातात काय राहतं? शब्द. उद्या मोठ्या मामाला काही झालं, कारखाना विकायला निघाला, मग तो शब्द कुणाला दाखवायचा त्याने? तडजोड करायची तर जरूर करा, पण तीही साहेबांसमोर, नोंद करून. नाहीतर अर्थ नाही."

"आणि तडजोड नाही केली तर?" थोरली जाऊ पहिल्यांदाच बोलली. ती नवऱ्याच्या शेजारी बसली होती, खुर्चीच्या अगदी टोकावर.

"तर दोन रस्ते, मामी. एक, नुकसानभरपाईचा दावा. डॉक्टर ठरवतात, हाताचं काम किती गेलं. मग वय बघायचं, पगार बघायचा, त्यावर रक्कम निघते. त्यात मालकाची चूक होती का, हे सिद्ध करत बसावं लागत नाही. कामावर असताना झालं, एवढं पुरतं. दुसरा, निष्काळजीपणाचा खटला. तो लांबतो, आणि तो संपेपर्यंत माणसं एकमेकांच्या दारावरून जायची बंद होतात. मी पहिलाच सांगेन."

"मालक, मालक काय लावलंयस मघापासून!" अण्णांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "इथे कोण मालक आणि कोण कामगार? सगळा कारखाना त्याला छोटे मालक म्हणतो!"

"म्हणू दे ना. छोट्या मामा, तुला महिन्याला पगार मिळतो?"

"मिळतो."

"नफ्यात वाटा?"

धाकटा खाली फरशीकडे बघत राहिला. "दादा देतो तसं अधूनमधून. सणासुदीला."

"म्हणजे नाही. म्हणजे तू कामगार आहेस मामा. आणि ते बरंच आहे, कारण मालकाला भरपाई मिळत नाही."

बरंच आहे! टोळने चांगल्या मनाने सांगितलं, पण धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बायकोसमोर, वहिनीसमोर, बापासमोर कुणीतरी अंगावरचा सदरा काढून घ्यावा तसं झालं त्याला. बोटं गेली तेव्हासुद्धा तो इतका उघडा पडला नव्हता.

"अडचण पुढे आहे," टोळ म्हणाली. आता ती कुणाकडेच बघत नव्हती. "साहेब विचारतील, जाळी कुणी काढली. कामगाराने आपल्या मनाने, धोका माहीत असून काढली, असं निघालं तर दावा बुडतो. मालकाने काढायला सांगितली असं निघालं तर दावा टिकतो. पण मग मालकावर खटला होतो. दंड होतो, आणि..."

"तुरुंग?" थोरलीने विचारलं.

"होऊ शकतो, मामी. होईलच असं नाही."

पंखा फिरत होता. अण्णा एकदम खाकरले. आयुष्यभर ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान, ती सांगायची वेळ आली होती, आणि म्हातारपणी अशी वेळ माणूस सोडत नाही.

"ऐक टोळ, तुझ्या साहेबालाही सांग," ते म्हणाले. "ह्या कारखान्यात परक्या माणसाचं बोट कधी गेलेलं नाही. का? तर माझा नियम. घाईची ऑर्डर आली, जाळी काढून काम करावं लागलं, तर परका माणूस त्या स्टुलावर बसवायचा नाही. घरचाच हात बसवायचा. मी बसलो, हा थोरला बसला, धाकटा बसला. दुसऱ्याच्या लेकराला धोक्यात घातलं नाही आम्ही. आहे असा नियम दुसऱ्या कुठल्या कारखान्यात?"

"म्हणजे जाळी काढायची पद्धतच होती," टोळ हळूच म्हणाली.

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं.

"मोठे भाऊजी," धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तुम्ही शेवटचे कधी बसलात त्या स्टुलावर?"

थोरला वर पंख्याकडे बघू लागला.

"नाही, रागाने नाही विचारत. घरचा हात म्हणता ना. तुमचाही घरचाच की. आमच्या लग्नानंतर तर मी तुम्हाला कधी तेलाच्या कपड्यांत बघितलं नाही. म्हणून विचारलं."

"मला बाहेरचं बघावं लागतं," थोरला म्हणाला. "ऑर्डरी, वसुली, लोकांच्या भेटीगाठी..." आणि बोलता बोलता त्याला स्वतःचे हात दिसले. टेबलावर ठेवलेले, गुबगुबीत, नखं कापलेले. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी त्याने ते मांडीवर घेतले.

"गप्प बस ना गं तू!" धाकटा बायकोवर खेकसला. मग सगळ्यांकडे वळला. "दादावर काय घसरता सगळे? मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्या स्टुलावर दुसरं कोण बसणार? ऑपरेटरची एक पट्टी होईपर्यंत माझ्या दोन व्हायच्या, विचारा कारखान्यात कुणालाही. अण्णासुद्धा म्हणायचे, ह्याच्यासारखा हात नाही. म्हणूनच दादा मला बसवायचा. ऑर्डर अडली की पहिली हाक मलाच." तो थांबला. त्याच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "आणि जाळी मीच काढली. माझ्या मनाने. लिही टोळ."

"मामा, कळतंय का तू काय बोलतोयस? अशाने एक पैसा मिळणार नाही तुला."

"नको मिळू दे. भावाला आत पाठवून पैसे खाऊ का मी?"

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आणि थोरला? थोरल्याच्या छातीवरून धोंडा उतरला. अगदी खरं. त्याने बाटली उचलून पाणीसुद्धा प्यायलं. भाऊच वाचवत होता त्याला. आता फक्त गप्प बसायचं होतं. पुढच्याच क्षणी त्याला कळलं, आपल्याला बरं वाटलंय. ज्याचा हात गेला तो आपल्याला वाचवतोय, आणि आपण इथे पाणी पितोय. त्याला त्या पाण्याचीच शिसारी आली.

त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. त्या दिवशी सकाळी थोरला जेवणाच्या टेबलावरून फोनवर बोलला तेव्हा ती शेजारीच होती. काय बोलला ते तिने अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. महिनाभर तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. डबे भरभरून पाठवत होती, जाऊबाई एकदा तरी 'छान झालं होतं' म्हणेल म्हणून वाट बघत होती. आता ती उठली. पदर सारखा केला, खुर्ची उचलली, ती धाकटीच्या शेजारी नेऊन ठेवली आणि तिथे बसली.

"अहो," ती तिकडून म्हणाली, "मला साहेबांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. मग म्हणू नका."

धाकटीने तोंडावरचे हात काढले आणि जावेकडे बघितलं. मग आपली खुर्ची सरकवून तिला थोडी जागा करून दिली.

"कसलं खोटं?" धाकटा म्हणाला. "वहिनी, तुम्ही कशाला मधे पडता?"

"मोठ्या मामा," टोळ म्हणाली, "त्या दिवशी रोजचा ऑपरेटर कामावर होता ना?"

"होता."

"धडधाकट होता?"

"होता."

"मग जाळी लावून त्यालाच का नाही बसू दिलं? फार तर माल उशिरा गेला असता."

इथे अण्णांच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत होतं. कारखाना थोरल्याच्या ताब्यात देताना, ह्याच खोलीत, दार लोटून त्यांनीच त्याला ते समजावलं होतं. नियमाची एक बाजू सगळ्यांना सांगायची होती आणि एक बाजू फक्त त्याला. आता हा माझं नाव घेईल, त्यांना वाटलं. घेऊ नये, असंही वाटलं. एवढं वय झालं, नातवंडं झाली, आणि आपण मुलाच्या तोंडाकडे अशा आशेने बघतोय, ह्याची त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी डोळे मिटून घेतले.

"जाळी काढायला मी सांगितलं," थोरला म्हणाला.

"दादा, उगाच काहीतरी..."

"तू थांब. सकाळी मी फोन केला. म्हटलं, माल आजच जायला हवा. जाळी काढ आणि तू बस. तो म्हणाला, दादा, आज डोकं जड आहे, दुपारून बसतो." थोरल्याने एकदा धाकट्याकडे बघितलं. "मी म्हटलं, आत्ताच बस. दुसऱ्या कुणाला बसवू नकोस."

"तेच तर!" धाकटा म्हणाला. "दुसऱ्याला जमलंच नसतं..."

"दुसऱ्याचं बोट गेलं असतं तर तो तक्रार करायला गेला असता," थोरला म्हणाला. "पोलीस आले असते, साहेब आले असते, कारखान्याला टाळं लागलं असतं. घरचा माणूस कुठे जात नाही. म्हणून बसवत होतो मी त्याला. त्या दिवशीच नाही, आधीपासून. लिही टोळ. माझ्या सांगण्यावरून, असं लिही. मी सही करतो. परवा साहेबांनाही हेच सांगतो."

त्याने बापाचं नाव घेतलं नाही. अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

टोळने कागद पुढे ओढला, पण पेन तसंच हातात राहिलं. दोघी जावा एकमेकींना लागून बसल्या होत्या. सगळे धाकट्याकडे बघत होते, आणि तो काही ह्या सगळ्यांत नव्हताच. कपाळाला आठ्या घालून तो कसला तरी विचार करत होता. एकेक घाईची ऑर्डर आठवत असावा. एकेक हाक. 'ह्याच्याशिवाय होणार नाही' म्हणून घरी आलेला निरोप, ताटावरून उठून चप्पल घालून पळणं, बायकोला ऐटीत सांगणं की बघ, शेवटी मलाच बोलावतात.

"दादा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. लहानपणी एखादी गोष्ट समजली नाही की ज्या सुरात तो थोरल्याला विचारायचा, तोच सूर. "माझा हात चांगला होता म्हणून बसवायचास ना?"

"हात चांगला होताच रे. तुझ्यासारखा हात..."

"ते नाही विचारलं मी."

थोरल्याने मान खाली घातली. त्याच्या मांडीवर त्याची दहाच्या दहा बोटं होती.

शेवटी टोळनेच, कुणीतरी बोलायला हवं म्हणून, घसा साफ केला. "छोट्या मामा," ती म्हणाली, "आता दावा टिकेल." आणि म्हणून झाल्यावर तिला मामाच्या तोंडाकडे बघवेना.